अडीचशे चौरस फुटांचा हिशेब

मुलीसाठी स्थळ पाहायला गेलेली माणसे घरी परतली की बायका आधी विचारतात, "घर कसं हाय?" आणि बहुतेक वेळा उत्तर येते, "हाय बरं, पण अजून पुरं व्हायचंय." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पगारदार साहेबाचे घर एका वर्षात बांधून होते. आपल्या कष्टकरी माणसाचे घर वीस-पंचवीस वर्षे चालूच असते. आधी एक खोली, मग पुढे पत्र्याची ओसरी, मग मागे न्हाणी, मुलगा नोकरीला लागला की स्लॅब, आणि सून यायच्या आत आणखी एक खोली. यात लाजण्यासारखे काही नाही. जसा पैसा येईल तसे घर वाढते, एवढाच त्याचा अर्थ.

मी पेशाने कारकून, बी.कॉम. शिकलेला, उरलेल्या वेळात वस्तीतल्या लोकांचे अर्ज आणि घरकुलाची कागदपत्रे करून देणारा कार्यकर्ता. हिशेबाची सवय असल्यामुळे मला एक गोष्ट सारखी दिसते. आपले घर वाढणार हे आपल्याला माहीत असते, पण बांधताना आपण ते वाढणार नाही असे समजून बांधतो. त्यामुळे पुढे एकेक खोली जोडताना भिंत फोडावी लागते, छत गळते आणि एका कामाचे पैसे दोनदा जातात. आता तर गावोगाव तीन दिवसांत उभ्या राहणाऱ्या रेडीमेड घरांच्या जाहिराती लागल्या आहेत. अशा वेळी आपल्या कुटुंबांनी काय पाहावे आणि काय विचारावे, याविषयी माझ्या घरातला आणि सासरवाडीचा अनुभव मांडतो.

माझी सासरवाडी भूकंपग्रस्त भागातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर लोक झोपेत असताना किल्लारी परिसरात जमीन हादरली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. माणसे मेली ती मुख्यतः घरांमुळे. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर लाकडावर टाकलेला मातीचा जड थर, त्याला आपण माळवद म्हणतो. भिंती उलल्या आणि वरचे ओझे खाली आले. कुडाच्या भिंतीची, हलक्या छपराची झोपडी जिथे होती तिथे ती पडली तरी तिने माणसाला चिरडले नाही. ज्याला घर म्हणून मान होता ते जीवघेणे ठरले आणि ज्याला कोणी घर म्हणत नव्हते त्याने जीव वाचवले.

त्यानंतर सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम घेतला. सर्वाधिक नुकसान झालेली ५२ गावे नव्या जागी वसवायची ठरली. देशभरातल्या संस्था धावून आल्या. कुठे सिमेंटच्या ठोकळ्यांची घरे झाली, कुठे आधी ओतून ठेवलेले काँक्रीटचे भाग आणून जोडले, कुठे गोल घुमटाची घरे उभी राहिली. हे सारे घाईचे आणि उपकाराचे काम होते, त्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण घर कोणाला किती मोठे द्यायचे याचा जो नियम केला तो मात्र प्रत्येक समाजबांधवाने लक्षात ठेवावा असा आहे. ज्याला जमीन नाही किंवा एक हेक्टरपर्यंत आहे त्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० चौरस फूट. आणि सात हेक्टरांच्या वर जमीन असलेल्याला ७५० चौरस फूट.

म्हणजे घराचे माप घरातल्या माणसांवर नव्हते, शेतावर होते. शेतकऱ्याला धान्य, बी-बियाणे, औजारे ठेवायला जागा लागते हे खरे. पण भूमिहीनाच्या घरात माणसे कमी असतात असे कोणी सांगितले? आणि आपण भूमिहीन का राहिलो? कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारो बायाबापड्या तुरुंगात गेल्या, त्या जमिनीसाठीच. जमीन मिळाली नाही म्हणून घर लहान मिळाले, आणि घर लहान म्हणून पोरांना अभ्यासाला कोपरा मिळाला नाही. एका खात्यातली बाकी अशी दुसऱ्या खात्यात ओढली जाते.

माझ्या सासूबाईंना मिळाले ते २५० चौरस फूट. एक बाहेरची खोली, एक स्वयंपाकाची, पुढे दोन माणसे बसतील एवढी पडवी. घरात माणसे सहा. घराभोवती मोकळी जागा मात्र बरी सोडली होती, आणि खरे म्हणजे तीच त्यांची मोठी मिळकत ठरली. सासूबाईंनी पहिल्या दोन वर्षांत मागे पत्रे टाकून चूल आणि शेळी तिकडे नेली. मेहुण्याचे लग्न ठरले तेव्हा एक खोली वाढवायची निघाली. जुन्या गावात दगडांचे ढीग पडले होते. गवंडी म्हणाला, दगड फुकट आहेत, आणू. सासूबाईंनी साफ नकार दिला. मला म्हणाल्या, "जावईबापू, त्या दगडांखालून माझी जाऊ काढली. ते दगड मला घरात नगंत. पत्र्यात राहीन, पर दगड नगंत." कोणाची त्यापुढे बोलण्याची छाती झाली नाही. पैसे साठेपर्यंत नवरा-नवरी पत्र्यात राहिली आणि खोली सिमेंटच्या ब्लॉकची झाली.

त्या खोलीला आत जायला दार हवे होते. जुन्या घराच्या मागच्या भिंतीत दाराची जागा कोणी सोडलीच नव्हती. घर देणाऱ्यांनी ते पूर्ण घर म्हणूनच दिले होते. गवंड्याने दोन दिवस छिन्नी-हातोड्याने भिंत फोडली, आतली सळई कापली. जी भिंत भूकंपात टिकावी म्हणून खास मजबूत केली होती, तिलाच भोक पाडले. नवी खोली जुन्या भिंतीला नुसती टेकवलेली, दोन्हींच्या मधून दरवर्षी पाणी झिरपते. आजही पावसाळ्यात त्या फटीखाली पातेले ठेवतात. गोल घुमटाच्या घरांत तर याहून अवघड, कारण गोल भिंतीला कपाट टेकत नाही आणि खोलीही जोडता येत नाही. सासूबाईंच्या घराचा पाया चांगला, काम चांगले. चुकले ते एवढेच की घर वाढेल असे कागदावर काढणाऱ्याच्या मनात आले नाही.

सरकारी घरकुलांचे पाहा. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी महाराष्ट्रात माता रमाईंच्या नावाने आवास योजना सुरू झाली. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आली. तिच्यात घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरले, म्हणजे २६९ चौरस फूट. आधीच्या इंदिरा आवास योजनेत ते २० चौरस मीटर होते, त्यामानाने बरे. योजना वेगळ्या, काळ वेगळा, तरी कारकुनाचे मन वजाबाकी केल्याशिवाय राहत नाही. १९९३ च्या भूकंपानंतर भूमिहीनाला दिलेले २५० आणि आताचे २६९, फरक १९ चौरस फुटांचा. सहा बाय तीनच्या खाटेला १८ चौरस फूट लागतात. इतक्या वर्षांत गरिबाच्या घरात एका खाटेची जागा वाढली.

यावर कोणी म्हणेल, बौद्ध माणसाने थोडक्यात समाधान मानावे. विनयपिटकात भिक्खूने स्वतःसाठी लोकांकडून साहित्य मागून कुटी बांधायची तर माप घालून दिले आहे, सुगताच्या वितीने बारा विती लांब आणि सात विती रुंद. पण हा नियम घरदार सोडलेल्या एकट्या भिक्खूसाठी आहे. आणि त्याच नियमात पुढे सांगितले आहे की कुटीची जागा आधी संघाला दाखवून घ्यावी, ती धोक्याची नसावी आणि कुटीभोवती फिरायला मोकळी जागा असावी. अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांच्या संघाने एकट्या माणसाच्या झोपडीभोवतीही मोकळी जागा मागितली. आपण तर मुलाबाळांचे गृहस्थ. मोकळी जागा हा आपल्या घराचाच भाग आहे, हे धम्माला धरूनच आहे.

आता माझ्या धाकट्या भावाची गोष्ट. तो गावी राहतो, दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातो, उरलेले दिवस मजुरी करतो. आई त्याच्याजवळ. पुतणी दहावीला. त्याला घरकुल मंजूर झाले तेव्हा अडचण निघाली जागेची. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला अजून वडिलांचे नाव होते. त्यामुळे आम्हा भावंडांची संमती लागणार होती. आपल्यात अशा वेळी बहिणीला नुसते "इथं सही कर" म्हणतात. मी बहिणीच्या घरी जाऊन तिला सारे समजावले, तिचा हिस्सा काय आहे तेही सांगितले. ती म्हणाली, "दादा, मी सही करते. पण मी माहेरी आले तर झोपायला माझी जागा पायजे, आणि माय हाय तवर घर मायचं." या दोन अटी आम्ही कागदावर लिहिल्या. माझी तिसरी अट, की घर भाऊ आणि भावजय दोघांच्या नावे लागावे. प्रधानमंत्री आवास योजनेतही घर पती-पत्नीच्या संयुक्त नावे किंवा पत्नीच्या नावे देण्याची तरतूद आहे. स्त्रीला मालमत्तेत हक्क देणारे हिंदू कोड बिल रखडवले गेले, हे बाबासाहेबांच्या १९५१ च्या राजीनाम्यामागचे एक मोठे कारण होते. त्या माणसाची लेकरे आपण, आणि घराच्या उताऱ्यावर बाईचे नाव घालायला आपला हात का थांबावा?

कागद झाला, तेवढ्यात भाऊ एक रंगीत पत्रक घेऊन आला. रेडीमेड घर. शेताला करतात तसे सिमेंटचे खाचेचे खांब, त्यांत सरकवलेल्या सिमेंटच्या फळ्या, वर पत्रे. तीन दिवसांत घर उभे. घासाघीस करून विकणारा दीड लाखाच्या थोडा वर थांबला होता. मी नको म्हणायला लागलो तसा भाऊ म्हणाला, "दादा, तुमचं बरं हाय, तुमी पगारदार. मला चार महिने घर बांधत बसायला सवड कुठंय? एक दिवस कामाला गेलो न्हाई तर संध्याकाळी चूल पेटत न्हाई."

त्याचे बोलणे खोटे नव्हते. रेडीमेड वस्तूंना नावे ठेवणे हे पोट भरलेल्या माणसाचे काम. म्हणून मी त्या घराची नीट चौकशी केली, त्या पद्धतीच्या दोन घरांत जाऊन बसलो, घरच्या बायकांना विचारले. चांगल्या गोष्टी अशा: लवकर उभे राहते, गवंड्याच्या मागे फिरावे लागत नाही, जागा बदलली तर खोलून नेता येते. वाईट अशा: फळ्या पातळ आणि वर पत्रा, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये दुपारी आत थांबवत नाही. फळ्यांच्या सांध्यांतून पावसाची झड आत येते. त्या खांबांवर पुढे स्लॅब टाकता येत नाही. आणि खिळा ठोकून फळी टांगायची तरी भिंत चिरकण्याची भीती. फोम भरलेल्या पत्र्याच्या पॅनलची घरे आत थंड राहतात, पण त्यांची किंमत आपल्या आवाक्याबाहेर, आणि पॅनल खराब झाले तर ते शहरातूनच आणावे लागते.

आणखी एक प्रश्न हप्त्यांचा. घरकुलाचा पैसा कामाच्या टप्प्याटप्प्याने सुटतो, जोते झाले, लिंटेल झाले, छत झाले, तसे फोटो काढून. तीन दिवसांत उभ्या राहणाऱ्या घराला हप्ते कसे सुटणार, आणि ते घर पक्के म्हणून धरणार का, हे पंचायत समितीच्या इंजिनिअरला आधी विचारल्याशिवाय विकणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. आणि ज्यांच्या नावे जागाच नाही अशा आपल्या कुटुंबांना खोलून नेण्याचे घर फार सोयीचे वाटते, त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की जे घर सहज उचलता येते ते दुसऱ्यालाही सहज उचलून टाकता येते. घराआधी जागेचा कागद. भूमिहीनांना घरकुलाची जागा विकत घ्यायला अर्थसाहाय्याची योजना आहे, तिची चौकशी ग्रामपंचायतीत करावी.

मग आधी तयार केलेल्या भागांचे घर नकोच का? तसे नाही. प्रश्न हा की ते भाग कोणी करायचे, आणि पुढे घर वाढवता येईल की नाही. इंदूरला अरण्य नावाची वसाहत आहे. मूळचे पुण्याचे वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी यांनी ती १९८० च्या दशकात आखली, सुमारे साडेसहा हजार भूखंडांची. त्यात गरिबांना घर बांधून न देता जोते, संडास-न्हाणी आणि पाण्याची जोडणी दिली. बाकी ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवले. दक्षिण अमेरिकेत चिली देशातल्या इकीके गावी २००४ साली सुमारे शंभर कुटुंबांसाठी अशीच घरे झाली. सरकारी मदत दर घरामागे साडेसात हजार डॉलरच्या आसपास. तेवढ्यात पूर्ण चांगले घर होत नव्हते. तेव्हा अलेहांद्रो अरावेना या रचनाकाराने चांगल्या घराचा अर्धा भाग बांधला, तोही अवघड असलेला, म्हणजे सांगाडा, जिना, मोरी, स्वयंपाकघर. शेजारची अर्धी जागा कुटुंबांनी भरून काढायची. वाईट पूर्ण घरापेक्षा चांगले अर्धे घर बरे, हा त्यातला विचार मला पटला.

हा विचार मी रविवारी विहारात वंदनेनंतर भावापुढे आणि वस्तीतल्या चार जाणत्या माणसांपुढे मांडला. वाद झाला, आवाजही चढले. शेवटी ठरले ते असे. घर २६९ चौरस फुटांचेच, पण जागेच्या एका कडेला, म्हणजे मागे आणि बाजूला मोकळी जागा राहील. मागच्या भिंतीत पुढच्या खोलीच्या दाराची जागा लिंटेलसह आत्ताच सोडायची आणि तिथे बारीक विटांची अर्धी भिंत मातीत रचून ठेवायची. खोली बांधायच्या दिवशी विटा काढल्या की दार मोकळे. भिंतीच्या कोपऱ्यांवर दाते सोडायचे, म्हणजे नव्या भिंतीच्या विटा जुनीत गुंतवता येतील. भूकंपाचा भाग म्हणून जोत्यावर आणि लिंटेलवर सळई घातलेला काँक्रीटचा पट्टा सगळीकडून सलग, आणि त्याच्या सळईची टोके वाढीच्या बाजूला बाहेर. ही टोके उघडी ठेवली तर गंजतात, म्हणून त्यांवर कच्च्या काँक्रीटचा गोळा लावून ठेवायचा.

भिंतींना आम्ही विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचल्या. केरळात लॉरी बेकर यांनी ही पद्धत खूप वापरली. तिच्यात सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि भिंतीच्या पोटात हवेची पोकळी राहिल्याने उन्हाची धग कमी लागते. गवंडी आधी कुरकुरला, पण पहिला थर इंजिनिअरच्या समोर लावून घेतल्यावर त्याला ते जमले. कोपऱ्यांत उभ्या सळया घालून तिथली पोकळी काँक्रीटने भरली.

छतासाठी मात्र रेडीमेड भाग केले, पण आमच्याच अंगणात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तयार केलेली पद्धत आहे. काँक्रीटच्या छोट्या तुळया आणि साधारण दीड मीटरपर्यंत लांबीच्या फळ्या जमिनीवर साच्यात ओतायच्या, पाणी मारून पक्क्या करायच्या आणि माणसांनी वर चढवून वरून पातळ काँक्रीटचा थर द्यायचा. सेंट्रिंगचे भाडे वाचते. सळई किती आणि कुठे हे इंजिनिअरने लिहून दिले, त्यात अंदाज चालत नाही. साचे सुताराने केले. सकाळ-संध्याकाळ फळ्यांवर ओली गोणपाटे टाकायचे काम आईने आणि भावजयीने केले. फळ्या पक्क्या झाल्यावर एका रविवारी वस्तीतली वीस पोरे आली आणि दुपारपर्यंत सगळे वर चढवले. त्यांना जेवण झाले भाकरी, बेसन आणि ठेच्याचे.

हिशेब पूर्ण सांगायचा तर खर्चाची बाजूही सांगितली पाहिजे. भावाचे बावीस दिवसांचे रोज बुडाले. अनुदानात भागले नाही, वरचे पैसे मी आणि बहिणीने घातले. तीन फळ्यांना चिरा गेल्या, त्या बाद केल्या. घर तीन दिवसांत न होता बुद्ध पौर्णिमेनंतर सुरू होऊन धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी उभे राहिले. त्रिसरण-पंचशील घेऊन आम्ही घरात पाऊल ठेवले आणि आठ दिवसांनी भाऊ ऊसतोडीला गेला.

मागची खोली अजून झालेली नाही. पैसे साठायचे आहेत. पण अर्ध्या विटांच्या त्या भिंतीमुळे दाराच्या जागी घरातून एक कोनाडा तयार झाला आहे. पुतणीने त्यात फळ्या टाकून दहावीची पुस्तके लावली. म्हणते, "काका, खोली होईस्तोवर हीच माझी लायब्ररी." बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले ते पुस्तके ठेवता यावीत म्हणून. आपल्याला राजगृह बांधता येणार नाही. पण घराचा नकाशा काढताना पोरीच्या पुस्तकांना जागा कुठे, हा प्रश्न तर विचारता येईल!

पाण्याचेही तसेच. आमचा भाग दुष्काळी, २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते हे सर्वांना आठवते. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. २५ चौरस मीटर छत आणि वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर साडेसतरा हजार लिटर. गळती-सांड सोडून चौदा हजार म्हणा. त्यातला पाव भाग जरी टाकीत धरला तरी साडेतीन हजार लिटर. चार माणसांना पिण्या-रांधण्याला रोज चाळीस लिटर लागले तर ते ८७ दिवस पुरते. त्यासाठी काय लागते? छताला एका बाजूला उतार, एक पन्हाळ आणि टाकी. पन्हाळीसाठी उतार आधीच दिला तर काही खर्च नाही, मागाहून करायचा तर छत उकरावे लागते. संडासाचेही असेच. दोन खड्डे पहिल्याच दिवशी केले तर एक भरला की दुसरा वापरायचा आणि पहिल्याचे वर्ष-दीड वर्षाने खत होते.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गावाविषयी कोणताही भ्रम ठेवू नका असे बजावले होते. खेड्याने आपल्याला काय दिले ते त्यांनी सोसले होते. म्हणून आपल्यातले अनेक जण शहरात आले, आणि बरे झाले. पण सगळेच येऊ शकत नाहीत. जे गावात राहिले त्यांची घरे तरी अशी असावीत की पुढच्या पिढीला ती मोडावी लागू नयेत, वाढवावी लागावीत.

आपल्या प्रत्येक वस्तीत घरकुले मंजूर होतात आणि प्रत्येक कुटुंब एकेकटे ठेकेदाराच्या तोंडाकडे पाहते. त्याऐवजी एका वस्तीतल्या पाच-दहा घरकुलधारकांनी मिळून एकच इंजिनिअर गाठावा, फळ्यांचे साचे एकदाच करून घ्यावेत, सिमेंट एकदम घ्यावे. केरळात कोल्लमला १९८० च्या दशकात निर्मिती केंद्र निघाले, तिथे असे घराचे भाग तयार करणे आणि गवंड्यांना शिकवणे हेच काम चाले. आपल्या विहाराच्या अंगणात दोन महिने असे काम चालले तर वस्तीतल्या दोन-चार बेकार तरुणांच्या हाताला हुन्नरही येईल. आमचे साचे सुताराने नीट केले आहेत, ते आमच्या विहारात पडून आहेत. शेजारच्या दोन गावांनी ते मागितले आहेत. आणखी कोणाला हवे असतील तर येऊन न्यावेत, भाडे नाही, फक्त काम झाल्यावर धुऊन परत आणावेत.

आणि घरकुलाचा नकाशा हाती आला की सही करण्याआधी घरातल्या बाईला बसवून तिला तीन गोष्टी विचाराव्यात. पुढची खोली कुठे निघेल, पाणी कुठे साठेल आणि पोरे अभ्यास कुठे करतील. तिन्हींची उत्तरे नकाशात नसतील तर नकाशा बदलून घ्यावा.

जय भीम!